टेबल रिकामं नाही

कसबा पेठेत, तांबट आळीला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एमआरआय शिकवतात, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसावं असंच ते आहे. एमआरआयचं मशीन म्हणजे काही टनांचं लोहचुंबक. त्या जिन्यावरून कपाट वर न्यायचं तरी हमालांशी हुज्जत घालावी लागते. पण मशीन तिथे नाहीच. तिथे आहेत सात कॉम्प्युटर आणि त्यांत मशीनची हुबेहूब नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर. पेशंट पडद्यावर, टेबल पडद्यावर, ते टेबल ज्यात सरकतं तो बोगदाही पडद्यावर. स्कॅन सुरू केला की हेडफोनमधून मशीनची ठकठक ऐकू येते. आणि खाली आळीत तांब्याच्या भांड्यांवर दिवसभर हातोडे चालू असतात. त्यामुळे कुठली ठकठक आतली आणि कुठली बाहेरची, हे नव्या मुलांना सुरुवातीला कळतच नाही.

अपेक्षाला तिसऱ्या महिन्यातही कधीकधी कळायचं नाही. ती वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावची. हडपसरला मावशीकडे राहून रोज सकाळच्या बसने पेठेत यायची. शनिवारी परीक्षा होती आणि परीक्षेला खांदा होता.

खांद्याचं प्रकरण जरा वाकडंच. डोकं, पाठ, पोट हे अवयव मशीनच्या मध्यावर निमूट येतात. खांदा कडेला राहतो. म्हणून आधी झटपट तीन बाजूंची कच्ची चित्रं घ्यायची, त्याला लोकलायझर म्हणतात. त्या चित्रांवर रेघा आखायच्या: कुठून कुठपर्यंत, किती तिरक्या, कोणत्या स्नायूच्या दिशेने. मग खरा स्कॅन. लोकलायझर चुकला की खांद्याऐवजी निम्मं फुप्फुस दिसतं, आणि श्रीधर सर म्हणतात, "वा. पेशंटला खोकला होता का?"

सॉफ्टवेअरमध्ये डावा खांदा एकच होता. कुणा तरुण, धडधाकट माणसाने आपली चित्रं कंपनीला दिली होती. तुम्ही नाव काही टाका, वय काही टाका, चित्रं त्याचीच यायची. सगळ्या वर्गाला तो खांदा पाठ झाला होता.

श्रीधर सरांनी तीस वर्षं खऱ्या मशीनवर काढली होती. कोरडा माणूस. त्यांचे नियम दोनच. पहिला, पेशंटच्या नावाच्या रकान्यात जित्याजागत्या माणसाचं नाव टाकायचं नाही. रकाना कोरा ठेवला तर सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही, म्हणून फळाचं नाव टाकायचं. आधीच्या बॅचेसनी वाटेल ती नावं टाकली होती म्हणे. नट्यांची, मित्रांची, न पटणाऱ्या नातेवाइकांची. आता वर्गात सगळे पेरू, चिकू आणि सीताफळ. का, असं कुणी विचारलं तर सर म्हणायचे, "पेरूला नातेवाईक नसतात. तक्रार करायला कोणी येत नाही."

दुसरा नियम, काम संपलं की टेबल बोगद्यातून बाहेर काढायचं, माईकचं बटण दाबायचं आणि म्हणायचं, "झालं. आता हललात तरी चालेल."

हा दुसरा नियम कोणीही पाळायचं नाही. त्याला मार्क नव्हते. रेघा आखून झाल्या, गुण दिसले, की मुलं सरळ खिडकी बंद करून मोकळी व्हायची. स्पृहा म्हणून सदाशिव पेठेतली एक मुलगी होती, तिने एकदा विचारलंही होतं, "सर, पण आत पेशंट आहे कुठे?"

"वर्गात तरी तुम्ही कुठे असता," सर म्हणाले, "पण मी हजेरी घेतोच ना."

त्या बुधवारी बस मगरपट्ट्याच्या अलीकडे अडकली असताना अपेक्षाला वडिलांचा फोन आला. नागोराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पंधरा वर्षांपूर्वी बसच्या टपावरून पडले, डावा खांदा मोडला आणि त्यात तीन स्क्रू बसले. आता निवृत्तीनंतर तो खांदा रात्र रात्र ठणकायला लागला होता.

"डॉक्टरनं स्क्रूचे कागद पाह्यले. म्हणे चालते, एमआरआय करून घ्या," ते म्हणाले. "म्या म्हटलं, माही पोरगी पुण्याले तेच शिकून राह्यली. तिच्याच हातानं करीन."

"बाबा, मले अजून खऱ्या मशीनले हात नाही लावू देत."

"मंग शिक न लवकर. मी थांबतो."

वडिलांनी आजवर तिच्यासाठी बरंच थांबून घेतलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन थांबलं होतं, घराचं छत थांबलं होतं. आता खांदाही थांबणार म्हणाले, तेव्हा तिला बसमध्येच भरून आलं. आणि म्हणूनच, वर्गात चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बसल्यावर, एकदाच म्हणून तिने पेरूऐवजी लिहिलं, नागोराव. वय एकसष्ट. वजन त्रेसष्ट किलो. खांदा, डावा. बाकी काही नाही, आपण त्यांचाच खांदा बघतोय असं मनाशी धरून रेघा आखायच्या, एवढाच तिचा विचार होता. सव्वाअकरा वाजले होते.

टेबल आत सरकलं. ठकठक झाली. लोकलायझर आला.

तिने रेघ आखायला माउस उचलला आणि तसाच धरून ठेवला. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यात तीन काळी भोकं होती. शरीरात धातू असला की चित्रात तिथे असाच अंधार दिसतो. पण या पाठ झालेल्या खांद्यात कधीही काही नव्हतं. तिने मोजली, पुन्हा मोजली. तीनच. आणि चित्राच्या कडा किंचित फिस्कटलेल्या, आतला माणूस श्वास घेत असल्यासारख्या.

"स्पृहा, हे बघ ना जरा."

स्पृहाने मान लांब करून पाहिलं. "अरे वा, स्क्रू. परीक्षेसाठी नवीन केस टाकली असेल कंपनीने. तुलाच बरी मिळाली."

"पण नाव तर मी..."

"काय नाव?"

"काही नाही," अपेक्षा म्हणाली. नियम मोडलाय हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. नवीन केस असेल, पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं. बारा वाजेपर्यंत त्या तीन भोकांच्या आजूबाजूने नीट रेघा आखल्या, गुण चांगले आले, सरांनी दारातून "चला" म्हटलं, आणि सगळ्यांसारखीच तीही खिडकी बंद करून उठली.

पावणेएकला ती खाली चहा घेत होती, तेव्हा आईचा फोन आला. सुशीलाबाई एरवी फोनवर ओरडून बोलतात. त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता.

"अपेक्षा, तुह्या बाबाले काय झालं काही समजून नाही राह्यलं. खाटेवर जरासेक पडले, तं उठूनच नाही राह्यले. डोळे उघडे आहेत. पण हात नाही हालवत, पाय नाही हालवत..."

"कधीपासून?"

"सव्वाअकरा झाले असतीन. डॉक्टर येऊन पाहून गेला. बीपी बरोबर, शुगर बरोबर. म्हणते वर्ध्याले न्या. मी गाडी पाहून राह्यली."

अपेक्षाने दुसऱ्या कानावर हात दाबला. आळीतले हातोडे जोरात चालले होते. कान घट्ट झाकला तरी ठकठक कमी होईना. ती फोनमधूनही येत होती. आपल्याच इथली ठकठक पुलगावला जाऊन परत येत असेल का, असा वेडगळ विचार तिच्या मनात आला.

"बोलतात का काही?"

"ओठ हालवते जरा जरा. कान लावला तं म्हणते, ठकठक बंद करा. अन् म्हणते, अपेक्षाले विचार..."

"काय विचार?"

"झालं काय म्हणून. हालू काय, म्हणते."

चहाचा कप तिने कुठे ठेवला ते तिला नंतर आठवेना. तीन जिने ती कशी चढली तेही आठवेना. आपण वर का पळतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. जे डोक्यात आलं होतं ते मानायला ती तयार नव्हती, पण पाय थांबत नव्हते.

वर्गात श्रीधर सर एकटेच होते. चार नंबरसमोर डबा उघडून बसले होते. तिला दारात बघून त्यांनी घास खाली ठेवला. ती काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं.

"कोणाचं नाव टाकलंस?"

"बाबांचं."

"टेबल बाहेर काढलं होतंस?"

"नाही."

सरांनी डबा बाजूला केला आणि खुर्ची तिला दिली. रागावले नाहीत, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "यादी उघड. आहे का बघ त्यात."

यादीत पेरू होते, चिकू होते, आणि त्यांच्यामध्ये एक ओळ होती. नागोराव. खांदा, डावा. टेबल आत. एक तास सदतीस मिनिटं. बघता बघता सदतीसचे अडतीस झाले.

"आहे ना? मग नशीबवान आहेस. काढ बाहेर."

तिने बटण दाबलं. पडद्यावरचं टेबल, रोजच्याच संथ गतीने, बोगद्यातून बाहेर आलं. त्यावर नेहमीसारखी नुसती पांढरी चादर दिसत होती.

"आता माईक."

"सर, पण तो कुठे जोडलेला नाही ना..."

"बोल. घरी बोलतेस तसं बोल."

अपेक्षाने माईकचं बटण दाबलं. "बाबा," ती म्हणाली, "झालं. आता हालले तरी चालते."

मग तिच्या हातातला फोन वाजला. सुशीलाबाई रडत होत्या, पण आता नेहमीच्या मोठ्या आवाजात. नागोराव उठून बसले होते आणि तहान लागली म्हणत होते.

अपेक्षा टेबलावर डोकं टेकून रडली. सरांनी तिला रडू दिलं, डबा बंद केला, पाण्याची बाटली तिच्यासमोर ठेवली.

"सर, हे काय होतं?"

"ते मला कळलं असतं," सर म्हणाले, "तर मी इथे रेघा आखायला शिकवत बसलो असतो?"

संध्याकाळी तिने वडिलांशी बोलून घेतलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, काही सापडलं नव्हतं. थकवा असेल म्हणाले. नागोरावांचा आवाज चांगला होता, पण बोलताना मध्येच ते थांबत होते.

"डब्यात झोपवल्यासारखं वाटे," ते म्हणाले. "मी काही भ्यालो नाही. म्हटलं, पोरगी आहे बाहेर. ते बाई मात्र लई वेळची होती."

"कोणती बाई?"

"होती न बाजूले. दिसत काही नव्हतं, आवाज ये. पुण्याची असन, शुद्ध बोले. म्हणे, मी जरासुद्धा हलले नाही, मग एवढा वेळ का लागतोय. म्हणे, आमचे हे जेवायला गेलेत, येतच असतील."

अपेक्षाने खोलीचं दार लोटून घेतलं.

"म्या म्हटलं, बाई, माही पोरगी बाहेर आहे. मले काढलं का तुम्हालेही काढीन. मंग तुहा आवाज आला, अन् मी उठलो. तिले काढलं काय तू?"

"बाबा, मले... मले माहीत नव्हतं."

"मंग काढजो बाई. वाट पाहते ते," नागोराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. भुताखेताच्या गोष्टीत अमावस्या हटकून येते, त्यामुळे सांगायलाही संकोच वाटतो. पण आळीतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि हातोडे थांबतात, म्हणून ते सांगायला हवं. अपेक्षा नऊ वाजता वर्गात पोचली, तेव्हा खाली इतकं शांत होतं की जिन्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज तिला खटकला. साडेनऊला वर्ग भरायचा होता. सर फळ्यावर तारीख लिहीत होते.

रात्रभर तिने हाच विचार केला होता, की सांगावं की नाही. वडिलांना भास झाला असेल. पण भासातली बाई पुण्याची भाषा कशी बोलेल? शेवटी तिने नागोरावांचे शब्द होते तसे सांगून टाकले.

सरांचा खडू फळ्यावर होता तिथेच राहिला.

"काय म्हणाली ती? जेवायला गेलेत?"

"हो. येतच असतील, म्हणाली."

सर हळूच बाकावर बसले. मग जे बोलले ते फळ्याकडे बघतच बोलले. चार वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा हिंजवडीहून कंपनीचा माणूस दाखवायला आला होता. याच कॉम्प्युटरवर. पेशंटचं नाव सांगा म्हणाला. सरांनी गमतीने बायकोचं सांगितलं, सत्यशीला. डावा खांदा. लोकलायझर झाला, तेवढ्यात कोणीतरी जेवायला चला म्हणालं, आणि सगळे उठले.

"तीन वाजता घरी गेलो. ती दिवाणावर पडली होती. अजून तशीच आहे. श्वास आहे, डोळे उघडे आहेत, भरवलं तर गिळते. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मला हे सुचायलाच वर्ष गेलं, अपेक्षा. आपण शिकलेली माणसं. आणि सुचून इथे बसायला लागलो, तर त्यांचा अपडेट आला आणि जुनी यादी सगळी पुसली गेली. ज्याचं नावच यादीत नाही, त्याचं टेबल कसं बाहेर काढणार?"

म्हणून सर रोज चार नंबरवर बसून डबा खायचे. तिला एकदम त्यांची फार कीव आली, आणि त्या माणसाची कीव करणं हेही तिला चुकीचं वाटलं.

"सर, मी बघू का? बाबांनी तिला शब्द दिलाय."

ते नको म्हणाले नाहीत. तिने सॉफ्टवेअर उघडलं, नवीन पेशंट घेतला. नाव, पेरू. खांदा, डावा. टेबल आत न्यायचं बटण दाबलं, पण टेबल हललं नाही. पडद्याच्या मध्यावर एक चौकट आली. तीन महिन्यांत तिने ती कधी पाहिली नव्हती. सरांनीही चार वर्षांत पाहिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

टेबल रिकामं नाही. आधीचा पेशंट बाहेर काढा.

"सर..."

"काढ," सर म्हणाले.

तिने बटण दाबलं. टेबल बाहेर आलं. पांढरी चादर, बाकी काही नाही. सर पुढे वाकले आणि त्यांनी माईकचं बटण दाबलं.

"सत्यशीला," ते म्हणाले. "झालं... आता हललीस तरी चालेल."

खाली आळी शांत होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले होते. मग सरांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, आणि पडद्यावर आलेलं नाव अपेक्षालाही दिसलं. घर.

"काकूंना सांभाळायला ठेवलेल्या बाई असतील ना?" तिने विचारलं.

"शालू दहाला येते," सर म्हणाले. "तोवर घरी ती एकटीच असते."

फोन वाजत राहिला. तीन वर्षं रोज या टेबलासमोर बसलेल्या त्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. शेवटी त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "तू घे."

अपेक्षाने तो कानाला लावला. आधी लांबून ठकठक ऐकू आली, एकसारखी, न थांबता. ती आळीतली नव्हती. मग एका बाईचा आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ, आणि अतिशय शहाणा.

"झालं का हो? हलू का मी आता?"

"हो," अपेक्षा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो काकू, हला. झालं सगळं."

पलीकडे दिवाण करकरला. कोणीतरी सावकाश, फार सावकाश, उठून बसत होतं. सर तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने त्यांना मानेनेच हो म्हटलं, आणि फोन त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला. आता जरा दबलेला, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"आणि हे बाकीचे सगळे... त्यांना काय सांगू?"